एका जागेसाठी दोन नावं

गुडघ्याची गोष्ट डॉक्टरांनी आम्हा दोघांनाच सांगितली, आणि गाडीत बसतो न बसतो तोच पोरगा म्हणाला, "सर, हे तुमच्या-माझ्यातच ऱ्हाऊ द्या."

लातूरहून उदगीरला येणाऱ्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. त्याच्या मांडीवर एमआरआयचं मोठं पाकीट होतं. ते गावातल्या कुणाला दिसू नये म्हणून त्यानं वर टॉवेल टाकला होता. मी सव्वीस वर्षं उदगीरच्या एका कॉलेजात खेळ शिकवतो. पोरं मला पीडी सर म्हणतात. गोळाफेकीपासून बुद्धिबळापर्यंत सगळंच माझ्याकडे आहे, पण जीव आहे तो कबड्डीत. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून बरीच पोरं गेली, पण चढाईला असा पोरगा मला मिळाला नव्हता.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. चढाईला गेला की घाई करायचा नाही. मध्यरेषा ओलांडून नुसता उभा राहायचा, जणू कुणाची वाट बघतोय. समोरचे सातजण अवघडून जायचे. मग एकदम उजवा पाय लांब टाकायचा आणि पकडणारा पुढं झुकला की त्याच पायावर गर्रकन फिरून परत. सगळी करामत त्या उजव्या पायावर. आणि दुखावला होता तो त्याच पायाचा गुडघा.

दिवाळीच्या सुट्टीत एका गावच्या स्पर्धेत तो पडला आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. महिन्याभरानं आमच्या मैदानावर सराव करताना फिरता फिरता तो खाली बसला, तेव्हा मी खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन लातूरला हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि गुडघ्याच्या आतली दोरी अर्धी तुटलीय म्हणून सांगितलं.

"खेळला तर?" मी विचारलं.

"राहिलेली अर्धी कधीतरी जाणार. उद्या जाईल, नाहीतर दोन वर्षं काही होणार नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. माझं म्हणाल तर ऑपरेशन करून घ्या आणि वर्षभर मैदान विसरा."

आणि वीस दिवसांवर नांदेडची स्पर्धा आली होती. दरवर्षीचीच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पण त्या वर्षी तिथं एका व्यावसायिक संघाचा माणूस येणार होता. टीव्हीवर ज्या लीगचे सामने दिसतात त्यातला संघ. आमच्या भागातून एक पोरगा शिबिराला न्यायचा, शिबिरात टिकला तर संघात घ्यायचा, असं ठरलं होतं. एकच पोरगा.

"सर, एवढं होऊ द्या," तो म्हणाला. "एकदा आत गेलो की त्यांचेच डॉक्टर ऱ्हातेत. करतील की ते ऑपरेशन. इथं कोण करतंय माझं?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. मी स्वतः बचावात, डाव्या कोपऱ्यात खेळायचो, जिल्ह्याकडून. आमच्या वेळी पुढं काहीच नव्हतं. खेळाडूच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळाली की झालं. या पोरासमोर दार उघडं होतं आणि मला ते माझ्या हातानं लावायचं नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई सांगत."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, ते मी त्याच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

नांदेडला उपांत्य फेरीत आमची गाठ तिथल्याच एका कॉलेजशी पडली. त्यांचे सर माझे तीस वर्षांचे मित्र. वयानं माझ्यापेक्षा मोठे, एकेकाळचे चढाईपटू, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांच्या संघात डाव्या कोपऱ्याला एक किनवटकडचा पोरगा होता. जंगलातल्या गावचा, आश्रमशाळेत वाढलेला. पाच फूट पाचच्या वर नसेल. पण घोटा धरायचा तो असा, की समोरच्याला धरल्यावरच कळायचं. डोळे खाली, हात गुडघ्यावर, आणि काही हालचाल नाही. मी त्या जागेवर दहा वर्षं खेळलोय. ती जागा कशी राखायची हे त्याला कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

सामना बरोबरीत आला. शेवटची दोन मिनिटं राहिली. माझा पोरगा चढाईला गेला, उजवा पाय टाकला, आणि किनवटच्यानं घोटा धरला. पक्का धरला. बाकीचे मदतीला धावले. आणि ते पोचायच्या आत त्यानं हात सोडून दिले. माझा पोरगा पालथा पडून मध्यरेषेला पोचला. गुण आमचा. त्याच फरकानं सामनाही आमचा झाला.

नांदेडचे सर मैदानाच्या कडेनं ओरडत सुटले, "हातातलं सोडतो का रे? हातातलं सोडतो?" तो पोरगा मान खाली घालून आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

संघाचा माणूस खुर्चीत बसून टॅबवर काहीतरी टिपत होता. पुण्याचा होता, पस्तिशीचा असेल, बोलायला फार सभ्य.

जेवणाच्या सुट्टीत मी किनवटच्या पोराला गाठलं. तो नळावर तोंड धूत होता.

"का सोडलास रे?"

त्यानं नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "सर, त्याच्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. माझ्या हाताला लागलं ते. तो ओरडला न्हाई, पण श्वास अडकला त्याचा. अजून ओढलं असतं तर पाय गेला असता."

"मंग तुझ्या सरांना सांगायचं की."

"त्याची ट्रायल हाय ना, सर," तो म्हणाला, आणि ताटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

वीस दिवस मी जे पोटात ठेवलं होतं ते या पोराला एका पकडीत कळलं होतं, आणि माझ्यासारखंच तोही गप्प बसला होता. फरक एवढाच, की त्याच्या गप्प बसण्याचं नुकसान त्याचं होतं. माझ्या गप्प बसण्याचं नुकसानही त्याचंच होतं.

दुपारी क्रीडा विभागाच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. संघाचा माणूस, नांदेडचे सर आणि मी. त्यानं टॅब टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी चौदा मुलांच्या नोंदी घेतल्यात. पण तुम्ही दोघं इथले जुने सर, या भागातली मुलं वर्षानुवर्षं बघता. मला तुमच्याकडून एक नाव पाहिजे. एकमतानं दिलंत तर फार बरं होईल."

नांदेडच्या सरांनी एक क्षण घालवला नाही. "उदगीरचा चढाईवाला. विषय संपला."

माझाच पोरगा. आणि मी म्हणालो, "मला तुमचा किनवटचा डावा कोपरा वाटतो."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "येडा झालास का? मी तुझ्या पोरासाठी भांडून राहिलो, अन् तू माझ्या पोरासाठी?"

"खेळ बघून बोलायलोय मी."

"मी काय आंधळा हाय? अरे, कोपरे लई मिळतेत. असा चढाईवाला दहा वर्षांत एक. उभा ऱ्हातो तेव्हा समोरच्याचे पाय थरथरतेत, बघितलं न्हाई का तू?"

"चढाईवाल्याला सगळेच बघतेत," मी म्हणालो. "यांच्या संघाला काय लागतंय ते विचारा."

संघाचा माणूस म्हणाला, "खरं सांगायचं तर गेल्या हंगामात आमचा डावा कोपरा फार कमी पडला. पण..." त्यानं टॅब फिरवला. "या मुलाची उंची. आमच्या लीगमधले रेडर सहा फुटी असतात. हा त्यांच्या कमरेला लागेल."

"घोटा जमिनीपाशीच असतो," मी म्हणालो. "सहा फुटी माणसाचाही."

नांदेडचे सर यावर खो खो हसले, पण त्यांचं मत हललं नाही. आम्ही दीड तास भांडलो. त्यांनी माझ्या पोराचे गुण मोजले, मी त्यांच्या पोराच्या पकडी मोजल्या. मी म्हणालो, माझा पोरगा डावीकडे फिरतच नाही, महिन्याभरात सगळे संघ ओळखतील. ते म्हणाले, महिन्याभरात दुसरी बाजू शिकवता येते. मी म्हणालो, किनवटचा पोरगा चार सामन्यांत एकदाही घाईनं पुढं गेला नाही. ते म्हणाले, हो, आणि ऐन वेळी हातातलं सोडलं.

का सोडलं ते सांगायचं, तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं.

संघाच्या माणसानंही तेच धरलं. "मी नोंद केलीय ती. पकड सुटते, दबावाखाली. सर, हे एकच मला खटकतंय." मग त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "आणि दुसरं एक विचारू का? राग मानू नका. उदगीरचा मुलगा तुमचा, आणि तुम्हीच त्याला नको म्हणताय. काही आहे का?"

"काही न्हाई."

"वागणुकीचं काही?"

"न्हाई हो. सोन्यासारखा पोरगा हाय."

"व्यसन वगैरे? आमच्याकडे शिबिरात शंभर मुलं येतात, सर. घरापासून लांब असतात. आम्हाला आधी माहीत असलेलं बरं."

मी पुन्हा नाही म्हणालो. पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. त्यानं त्या पोराच्या नावापुढं बोटानं एक प्रश्नचिन्ह काढलं. मला ते उलटं दिसत होतं, पण दिसत होतं.

माझ्यापुढं तीनच वाटा होत्या आणि तिन्ही वाईट. गप्प बसलो तर माझ्या पोराच्या चारित्र्यावर डाग, आणि किनवटच्यावर कच्च्या पकडीचा शिक्का. आता उलटून माझ्याच पोराचं नाव घेतलं, तर उद्या शिबिरात पहिल्या आठवड्यात त्याचा पाय जाईल, आणि ते माहीत असून मी त्याला पाठवलेलं असेल. सांगितलं तर शब्द मोडला. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यालो नाही, परत ठेवला.

आणि सांगितलं. एमआरआय, डॉक्टर, एसटीतला शब्द, किनवटच्या पोरानं नळावर सांगितलेलं, सगळं. मला वाटलं होतं, यानं निदान एक तरी पोरगा वाचेल. माझा गेला तरी किनवटचा लागेल. त्याची पकड सुटली नव्हती, त्यानं समजून सोडली होती, हे कळल्यावर कोण त्याला नको म्हणेल?

नांदेडचे सर टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत राहिले. "आन् मी त्याला दहा जणांत वरडलो," एवढंच म्हणाले.

संघाच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला म्हणाला, "सर, सांगितलंत ते फार चांगलं केलंत." मग म्हणाला, "पण दुसऱ्या मुलाचं अवघड आहे. समोरच्याचा पाय दुखतोय म्हणून त्यानं सामना सोडून दिला. माणूस म्हणून मला पटतं. पण मला वर काय सांगायचं? आमच्याकडे प्रत्येक जण कुठंतरी दुखावलेलाच असतो. हा कितीजणांना सोडणार?"

"तसं न्हाई ते," मी म्हणालो. "ती एकच वेळ होती."

"मला चारच सामने दिसलेत, सर. त्यात एकदा."

आता नांदेडचे सरही त्या पोरासाठी भांडायला लागले. आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आलो होतो आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तो माणूस बाहेर व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलला. पाच मिनिटांनी आत आला आणि त्यानं लातूरच्या एका पोराचं नाव सांगितलं. सहा फूट एक इंच. मी त्याला खेळताना बघितलं होतं, पण खेळ काही आठवेना. दीड तासात आम्ही दोघांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"वाईट नाही," नांदेडचे सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

माझ्या पोराला मी स्वतःच सांगायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. तो मैदानाच्या कडेला पायाला पट्टी गुंडाळत बसला होता. मी शेजारी बसलो आणि आडवळण न घेता सांगितलं, गुडघ्याचं मी बोललो म्हणून. तो पट्टी गुंडाळतच राहिला. शेवटाला आली तरी पुन्हा सोडून पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

"आन् किनवटच्याला घेतलं का?"

"न्हाई."

त्यानं मान वर केली. "मंग कशापायी सांगितलं, सर?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी वागणुकीचं बोललो, पायाचं बोललो, त्या पोराच्या पकडीचं बोललो. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की यातलं काहीही त्याच्या कामाचं नाही. तो उठला आणि बाकीच्या पोरांत जाऊन बसला. अंतिम सामन्यात मी त्याला उतरवलं नाही आणि आम्ही हरलो. परतीच्या गाडीत तो पुढं होता, मी मागं.

ऑपरेशनसाठी मी फार धडपडलो. सरकारी योजनेत बसवलं, लातूरच्या डॉक्टरांशी बोललो, कागद तयार केले. मोंढ्यात जाऊन त्याच्या वडिलांना भेटलो. ते पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मला बघून उठले, हात जोडले.

"सर, त्यो न्हाई म्हणतो," ते म्हणाले. "म्या काय उचलून नेऊ का त्याला? म्हणतो, खेळायचंच न्हाई तर पाय कशाला फाडून घेऊ."

"चालायला तरी धड राहील, मामा."

"तुमी सांगा की. तुमचं ऐकतो त्यो."

माझं तो आता ऐकत नाही, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. त्या वर्षानंतर त्यानं कॉलेज सोडलं. किनवटचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय असं नांदेडचे सर फोनवर सांगतात. त्यांनी त्याची माफी मागितली, सगळ्या संघासमोर. तो लाजून पळाला म्हणे. लातूरचा पोरगा शिबिरात टिकला. मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, त्याचा यात काही दोष नाही. टीव्हीवर राखीव खेळाडूंच्या बाकावर तो दिसतो, तेव्हा मी उगीच पुढं सरकून बसतो.

यंदा उन्हाळा सरता सरता उदगीरजवळच्या एका गावात यात्रेनिमित्त कबड्डीचे सामने होते. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. फेटा बांधला, नारळ फोडायला लावला, आणि अंतिम सामन्याची नाणेफेक माझ्या हातानं करायची म्हणून मातीवर नेलं. दोन्ही कप्तान समोर आले. त्यातला एक तो होता. उजव्या गुडघ्यावर काळी पट्टी. जरा भरलाय अंगानं, दाढी ठेवलीय.

तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. सगळ्यांसमोर लावतात तसा.

"पाय कसाय?" मी हळू विचारलं.

"हाय की, सर."

"खेळू नको म्हणलं होतं डॉक्टरनी."

"दोन वर्षं काही होत न्हाई असंबी म्हणले होते." तो थोडा हसला. "अजून सहा महिने हायत."

पंच नाणं घेऊन थांबले होते. लोक कुंपणाच्या दोरीला खेटून उभे होते, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मी नाणं उडवलं. तो जिंकला. त्यानं पहिली चढाई मागितली.

मला स्टेजवर नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. आयोजक कानाशी वाकून गावाच्या विकासाबद्दल काहीतरी सांगत होते. तो मध्यरेषा ओलांडून गेला आणि उभा राहिला, पूर्वीसारखाच, घाई नाही. समोरचे सातजण अवघडले. गर्दीचा आवाज एकदम खाली आला. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो होतो. मला ओरडून त्याला परत बोलवायचं होतं, आणि मला तो कसा फिरतो ते बघायचंही होतं. त्यानं उजवा पाय लांब टाकला.